खालच्या तोफेपर्यंत दोनशे यार्ड

१९७१ च्या डिसेंबरात आमची विमानविरोधी तुकडी ट्रॉम्बेच्या टेकडीवर होती. मी हवालदार, वरची तोफ माझ्याकडे. दुसरी दोनशे यार्ड खाली, खाडीच्या अंगाला. कमांड पोस्टचा टेलिफोन फक्त माझ्या तोफेवर होता. आलेला हुकूम खाली जायचा तो रेडिओ सेटवरून.

सेट अमेरिकन. चीनच्या लढाईनंतर मदत म्हणून आलेला. पासष्टला मदत थांबली, सुटे भागही थांबले. लान्सनाईक पीटर तारा जोडून जोडून तो चालवायचा. पीटर अंधेरीजवळच्या मरोळचा. वय चोवीस, घरची भातशेती.

पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे तोफेवर सज्ज, मग तोफेची सफाई, मग चहा. दिवस असेच जात होते. एका दुपारी बातमी आली, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय.

"उस्ताद, एवढ्या लांबून येतात कसे हे?" पीटरने मला विचारलं.

उत्तर आमच्या तुकडीच्या सुभेदारसाहेबांनी दिलं. काडीने मातीत नकाशा काढला. "लांबून कुठे? गेल्या शतकात स्पेनला हरवून फिलिपिन्स घेतलं. त्याच साली हवाई बेटं. पुढे फिलिपिन्स सोडलं, पण तिथलं बंदर नाही सोडलं. व्हिएतनामात तर आहेतच."

"म्हणजे सेटपण त्यांचा नि जहाजंपण त्यांचीच. झकास," पीटर म्हणाला.

त्याच संध्याकाळी सहा अठराला रेड अलर्ट. समुद्राकडून एक विमान खाली येत होतं. खाडीपलीकडच्या तोफांनी फायर सुरू केला. सहा वीसला टेलिफोन वाजला.

"होल्ड फायर! हवाई जहाज अपना है. सांताक्रूझ उतर रहा है."

मी पीटरला ओरडून हुकूम सांगितला. पीटर सेटवर बोलला, "गन टू, होल्ड फायर. ओव्हर." पुन्हा बोलला. सेट बंद पडला होता. खालच्या तोफेची नळी वळताना दिसत होती.

पीटरने हेडफोन फेकले आणि तो धावला. हेल्मेट सेटपाशीच राहिलं. निम्म्या उतारावर, दोन्ही हात हलवत तो ओरडला, "फायर नको! आपलंच आहे!"

खालच्या तोफेने फायर केला नाही. विमान आमच्यावरून गेलं. पलीकडच्या गोळ्यांचे तुकडे वरून पडत होते. एक पीटरच्या मानेत घुसला. मी पोचलो तेव्हा तो गेला होता.

परत येऊन मी लॉगबुकात वेळ लिहिली. हेडफोन उचलून खुंटीला लावले. काही वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी मरोळला गेलो. त्याच्या आईने विचारलं, "अमेरिकेवाल्यांनी मारलं?"

"नाही, मावशी. आपल्याच गोळ्याचा तुकडा. एक विमान वाचवायला धावला होता तो."

ती म्हणाली, "त्या विमानात कोण होतं?"

"एक पायलट. आपलाच."

"तो वाचला ना?"

"वाचला."

"मग बरं," ती म्हणाली, आणि पदराने खुर्ची पुसून मला बसायला सांगितलं.