लाइन देण्याआधी

“उस्ताद, ही मुकी हाय का काय?” दुकानातला जुना कारागीर रफिक मागून सलीमचाचांना हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं.

आज बीडच्या बाजारात मोटरच्या तारांना लावतात त्या ओल्या वार्निशचा वास आला आणि दहा वर्षांपूर्वीची ती दुपार समोर उभी राहिली. इंग्रजी शाळेतून दहावी, मग आयटीआय, आणि मग सलीमचाचांच्या मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायच्या, दुकानात मी शिकाऊ. दोन आठवडे मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळली होती. त्या दिवशी मी स्वतः भरलेली पहिली मोटर टेबलावर होती. लाइन द्यायची, म्हणजे वीज सोडायची, तर स्विच दाबण्याआधी मोठ्यानं ओरडायचं, म्हणजे सगळ्यांचे हात बाजूला होतात, हा दुकानाचा नियम.

“वरडता न्हाई आलं तर इथं काम न्हाई, बेटी,” चाचा म्हणाले.

मला तर तिथंच राहायचं होतं. पण शब्द आधी इंग्रजीत जुळत आणि त्यांचं मराठी होईपर्यंत वेळ निघून जाई. चाचांनी मुद्दाम मोटरवर हात ठेवला आणि दाढीआड हसत बघत राहिले. तेव्हा मला त्यांचा रागच आला. आज कळतं, तो हात त्यांनी माझ्या भरवशावर ठेवला होता. मग माझा आवाज असा फुटला, की रस्त्यापलीकडचा चहावालाही वळून बघू लागला.

“चाचा, हात काढा! लाइन देतेय!”