विटेचा शेक आणि गार पाणी

भातरोपांची जमीन भाजायच्या राबासाठी ऐनाच्या झाडावर फांद्या छाटायला चढलो आणि पाठीवर पडलो. मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेखालचं अंग दुसऱ्या कुणाचं असावं तसं नुसतं पडून राहिलं. दरवर्षी झाडावर चढणारा माणूस पडतोच कसा, हे विचारायला अख्खा पाडा येऊन गेला. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी पुन्हा चालेन का. मुरबाडच्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "आत्ता सांगता येणार नाही. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, म्हणून काम करत राहायचं."

हे काम फार कंटाळवाणं. गुडघ्यांना मागून पट्ट्या बांधून दोन बारांमध्ये उभं राहायचं, तोल सांभाळायचा आणि न हलणाऱ्या अंगठ्याला मनातल्या मनात 'हल' म्हणायचं. धसईजवळच्या आमच्या घरी अंगणात बांबू रोवून तसेच बार केले.

आईचा यावर काडीचा विश्वास नव्हता. आमच्याकडे कुठलंही दुखणं शेकानंच जातं. तिने चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून माझ्या तळपायांना लावली.

"लय गरम हाय का रे?"

"नाय."

मला खरंच काही कळत नव्हतं. वीट पुरेशी तापली नाही असं समजून तिने दुसरी आणली. संध्याकाळी पायांवर फोड आले. जखमा भरेपर्यंत बाईंनी माझं उभं राहणं बंद केलं आणि जमवलेलं बळही ओसरलं. मी आईवर घर डोक्यावर घेण्याइतका ओरडलो.

तेव्हापासून तिने शेक सोडला. आंघोळीलाही अंगावर ऊन पाणी आणि पायांवर पिंपातलं गार. मला काय, दोन्ही सारखंच होतं.

थंडीत एका सकाळी तिने पायांवर तांब्या ओतला आणि मी म्हणालो, "आये, पाणी गार हाय गो."

तिचा हात थांबला. "डोळे मीट."

मी मिटले. "आता?" तिने विचारलं.

"आता नाय."

तिने खरोखरच ओतलं नव्हतं. मग ओतलं, तेही डाव्याच पावलावर, आणि मी बरोबर सांगितलं. मला हसू आलं, तिला रडू.

गार कळलं म्हणजे चालता येईलच असं नाही, भलती आशा धरू नका, असं बाईंनी बजावलं. मी धरली. अंगठा अजून हललेला नाही.

आईने दुसऱ्या दिवशी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. "आता पायांना पण ऊन पाणी घेते. कळतंय ना तुला."

"नको गो आये," मी म्हणालो, "गारच ओत."