लाल शाईतला 'अ'

वहिनीचा फोन आला तेव्हा मी जळगावला घरी मेथी निवडत बसले होते. पलीकडचा आवाज असा खुशीत की काही विचारू नका. "व माय, तुना पेपरमा माले 'अ' मिळना! बठ्ठी गल्लीले सांगं मी." अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं तिचं.

तो 'अ' मीच दिला होता. तिच्या आहार-पाहणीच्या कार्डाच्या कोपऱ्यात, लाल पेनानं. पण प्रगतिपुस्तकातला पहिल्या श्रेणीचा 'अ' नव्हे हो तो. 'अविश्वसनीय'मधला 'अ'. म्हणजे ही बाई खाण्याबद्दल खरं सांगत नाही, दुसऱ्या फेरीला हिच्या घरी जाऊ नका, हिचा फॉर्म बाजूला काढा.

मी म्हटलं, "हो का? अरे वा!" वर्गात पोरींना दरडावणारी मी, पण तिला खरा अर्थ सांगायचा सोडून मेथीची देठं खुडू लागले.

वहिनी मात्र थांबली नव्हती. "गुरुवारे दवाखानामा जास ना, तवय डॉक्टरले दाखाडसू," म्हणाली. तालुक्याच्या त्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तिची साखर आणि वजन बघून सगळ्या पेशंटसमोर तिला सुनावलं होतं, "अक्का, खोटं बोलू नका. हवा खाऊन वजन वाढतं का?" त्या दिवशी फोनवर ती रडली होती. आता तिच्याकडे सरकारी वाटावं असं कार्ड होतं, त्यावर 'अ' होता, आणि ती ते त्याच डॉक्टरांपुढे ठेवणार होती. डॉक्टरांना त्या 'अ'चा अर्थ चांगला ठाऊक होता. या पाहणीच्या प्रशिक्षणाला ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

कामाचं थोडं सांगते. मी कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. धुळ्याचे एक संशोधक, त्यांना आम्ही सर म्हणतो, खेड्यातल्या बायकांचं वजन का वाढतंय याचा अभ्यास करत होते. त्यातून जे निघेल ते जिल्ह्याच्या आहार आराखड्यात जाणार होतं. आम्ही घरोघर जायचो, वजन-उंची घ्यायचो, वाटी आणि चमचा पुढे ठेवून विचारायचो, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" कार्ड त्या बाईकडेच राहायचं.

उत्तरं ठरलेली. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकर, वांग्याची भाजी. रात्री खिचडी, तीही थोडी. आणि काट्यावर बघावं तर काटा आपला सरकतोय. सर म्हणायचे, एवढ्या खाण्यावर एवढं शरीर उभंच राहू शकत नाही, तेव्हा असे फॉर्म हिशेबात धरायचे नाहीत. हे गणित जगात सगळीकडे असंच करतात आणि त्यात चूक काढायला जागा नाही. मलाही ते पटलं होतं. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी गेले तेव्हा वहिनीचा फॉर्म भरताना मनात म्हटलंसुद्धा, ही पण लपवतेच आहे. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिच्या कार्डावर खूण करताना मला काहीच वाटलं नाही. उलट नियमाला नातं आड येऊ दिलं नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. मूर्ख बाई!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गाव गाठलं. बेत असा की काहीतरी निमित्त काढून कार्ड परत घ्यायचं आणि गुपचूप नवं द्यायचं. खरं सांगायचं धाडस नव्हतंच. पण कार्ड तिनं देवांच्या फोटोशेजारी चिकटवलेलं. ते काढणार कसं? मग राहिले दिवसभर.

ओट्याजवळ पाट टाकून बसले आणि गंमत बघत गेले. नातवानं तूप-भात निम्मा टाकला, वहिनीनं ताट उचलता उचलता तोंडात टाकला. सुनेची अर्धी पोळी उरली, ती गेली. शेवेच्या पिशवीच्या तळाचा चुरा तळहातावर घेऊन फक्का मारला. कुकरच्या कडेला लागलेला भात पळीनं खरवडून खाल्ला. दूध-पोळीचा काला, नैवेद्याच्या वाटीतला शिरा. सगळं उभ्यानं, भांडी गोळा करताना. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या! सापडली म्हटलं, रंगेहाथ सापडली. पर्समधून वही काढून मी लिहीत सुटले.

संध्याकाळी विचारलं, "वहिनी, आज काय खाल्लं?"

"एक भाकर आनि भाजी. तुनासमोर त जेवनू ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तो तूप-भात? ती पोळी? शिरा कुणी खाल्ला, मी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, नुसतं नवल होतं. "ते काय खानं शे का? ते तं वाया जाई म्हनीसन."

मी वही मिटली. लपवणारा माणूस लपून खातो. ही तर माझ्या डोळ्यांदेखत दिवसभर खात होती आणि तिच्या लेखी ते खाणं नव्हतंच. बसून, आपल्या ताटात वाढून घेतलं तेच खाणं. मी विचारलं 'काय खाल्लं', तिनं त्याचं खरं उत्तर दिलं. सरांचं गणित बरोबर होतं, तिचं उत्तरही बरोबर होतं, चुकला होता तो माझा प्रश्न. इतकी वर्षं हाच विषय शिकवते मी! गावातल्या ज्या ज्या बायकांना 'अ' दिला, त्या सगळ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. बहुतेक सगळ्या हिच्याच वयाच्या, घर आवरणाऱ्या. आम्ही त्यांना बाजूला काढणार होतो आणि त्यांच्याचसाठी आराखडा करणार होतो.

मग सांगितलं तिला. 'अ' म्हणजे काय ते, तो कुणी काढला ते. ती बराच वेळ भाजीचं भांडं पुसत राहिली. पुसून झालेलं भांडंच पुन्हा पुसत होती.

"डॉक्टर माले खोटी म्हने, ते चालनं," ती म्हणाली. "तू बी?"

मी रडले. ती नाही रडली.

सरांना फोन केला. मला वाटलं होतं, चिडतील. म्हणाले, "एका घरावरून नियम बदलत नाही, बाई. पण 'अ' मिळालेल्या सगळ्या घरांत परत जा. ताटातलं, भांड्यातलं, उभ्यानं तोंडात टाकलेलं, सगळं वेगळं विचारा. मग बघू." एवढं मला पुष्कळ होतं.

गुरुवारी मी कार्डावर खाडाखोड करू लागले तर वहिनीनं हात धरला. "ऱ्हाऊ दे तशाच." दवाखान्यात तिनंच ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवलं. मी म्हटलं, "डॉक्टर, हा 'अ' मी दिलाय आणि तो चुकीचा आहे. अक्का खोटं बोलत नव्हत्या. मला विचारता आलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, बाहेर पेशंटची रांग मोठी असायची इतकंच. म्हणाले, "बरं अक्का, सांगा. काल जे जे तोंडात गेलं ते सगळं सांगा."

दवाखान्यात वहिनी नेहमी शहरातल्यासारखं बोलते. बोटांवर मोजत सांगत गेली. नातवाचा भात. सुनेची पोळी. लेकाच्या ताटातली भाजी. देवाचा शिरा. डॉक्टर लिहीत होते, त्यांनी पान उलटलं, आणि मग पेन थांबवून विचारलं, "यातलं खास तुमच्यासाठी म्हणून काय होतं?"

वहिनीनं पदर सारखा केला. खूप आठवून बघितलं.

"तुम्ही दिल्या ना," ती म्हणाली, "त्या गोळ्या."