पाचवा सागरगोटा

जानेवारीतल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत, चौथीतली सोयॉन शाळेत पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "मॅडम, लबाडी." आरोप शाळेच्या समुपदेशक खरात मॅडमवर होता.

मी सोयॉनची वर्गशिक्षिका. तिचे वडील चितेगावकडच्या कारखान्यात अभियंता. कुटुंब जूनमध्ये कोरियाहून आले. घरी ही मुलगी बडबडी, शाळेत सात महिने गप्प. कुणी रागावले तरी वाकून नमस्कार करायची. जानेवारीअखेरपर्यंत बोलली नाही, तर तिने आईबरोबर परत जायचे आणि वडिलांनी इथे एकटे राहायचे, असे घरी ठरले होते.

खरात मॅडम सिल्लोडच्या. निवृत्तीला काही महिने उरलेले. "लई गुणी लेकरू दिसलं की मला धास्ती वाटती," असे त्या म्हणत. डिसेंबरात त्यांनी सोयॉनच्या आईला बोलावून विचारले, पोरगी घरी काय खेळते? आईने टेबलावरचे पाच खोडरबर घेतले, एक वर उडवला, बाकीचे टिपले.

"हे तर आमचे सागरगोटे," मॅडम म्हणाल्या.

"खेळेल, पण बोलणार नाही," आई इंग्रजीत म्हणाली. "मोठ्यांनी चूक केली तरी गप्प राहायचं, असं आम्ही शिकवतो."

"मग चूक लई मोठी करावी लागंल."

दुसऱ्या दिवसापासून मॅडम, सोयॉन आणि तिच्याच वर्गातली झोया यांचा खेळ सुरू झाला. मॅडम दोनदा पाळी घेत. जमिनीवर पडलेला गोटा पदरात झेलला म्हणून सांगत.

"मॅडम, ये तो लबाडी है," झोया म्हणे.

"पुरावा दे."

सोयॉन मान खाली घालून हसे.

त्या मंगळवारी मॅडमनी झोयाला बोलावलेच नाही. मी व्हरांड्यात उभी होते. मॅडमनी पाचवा गोटा सोयॉनच्या डोळ्यांदेखत पर्समध्ये टाकला. "चारच होते की. व्हय ना?"

सोयॉनने दाराकडे पाहिले. झोया नव्हती. मग ती उठली, आधी वाकून नमस्कार केला आणि बोलली.

नोंदवहीत मॅडमनी लिहिले : "बोलली. माझ्यावर आरोप केला. आरोप खरा."

फेब्रुवारीत वडिलांनी तिचा पाचवीचा प्रवेश पक्का केला. एप्रिलमध्ये निरोप समारंभात मॅडमनी सागरगोट्यांची थैली सोयॉनला भेट दिली. तिने ती सगळ्यांसमोर उघडून गोटे मोजले. चार होते. तिने वाकून नमस्कार केला आणि मॅडमच्या पर्सकडे हात पुढे केला.