ओट्यावर राहिलेल्या अकरा वाकळा

चावडीच्या दारात सरपंचांनी हात आडवा घातला. "मास्तर, ह्या आत न्हाई. बाहेर ओट्यावर ठिवा."

एकाहत्तर सालचा हिवाळा. पूर्व बंगालात कत्तल चालली होती. तिथून जीव घेऊन आलेल्या लाखो लोकांना सरकारनं छावण्यांत आसरा दिला होता. त्यांच्यासाठी पांघरुणं गोळा करा, असा हुकूम तालुक्याहून आला. मंठ्याकडच्या त्या गावात मी शाळामास्तर. यादी करून खाली सही करायचं काम माझ्याकडे.

मी बौद्ध, राहायला बौद्धवाड्यातच. आमच्या बायांनी जुनी लुगडी धुऊन पंधरा दिवसांत अकरा वाकळा शिवल्या. एक माझ्या बायकोची. गावातली बत्तीस पांघरुणं आधीच चावडीत होती. एकूण त्रेचाळीस. यादीत तेवढीच लिहिली.

"आत का न्हाई?" मी विचारलं.

"घोंगड्या असत्या तं घेतल्या असत्या. लोकरीला विटाळ न्हाई, सुताला लागतो. आमच्या पांघरुणात कशा मिसळू?"

आम्ही धर्म बदलला त्याला पंधरा वर्षं झाली होती. त्यांचा विटाळ जागचा हलला नव्हता.

आमच्या शेजारची म्हातारी गयाबाई पायरीखाली उभी होती. म्हणाली, "सरपंच, तिकडं कुडकुडणाऱ्याला इचारून या, टाके कुणाच्या हातचे पायजेत म्हून."

आतली माणसं हसली. सरपंचही हसले. वाकळा ओट्यावरच राहिल्या, दवात भिजल्या.

सकाळी ट्रक आला. बत्तीस पांघरुणं चढली. ट्रकबरोबरचा कारकून म्हणाला, "अकरा खोडा मास्तर, बत्तीसवर सही करा. जल्दी. अजून चार गावं हायेत."

मी पेन उघडला. खोडणारच होतो, हे लपवत नाही. नोकरी होती, तीन लेकरं होती. तेवढ्यात बायको दिसली. ओट्याशी उभी राहून ओली वाकळ पिळत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी पेन बंद केला. "त्रेचाळीस चढल्याबिगर सही न्हाई."

"गरिबाचं पांघरूण अडवून राह्यले का मास्तर?" सरपंच म्हणाले.

ट्रक बत्तीस घेऊन, सहीशिवाय गेला.

आठव्या दिवशी नोटीस आली. सरकारी कामात अडथळा. सोबत माफीचा मजकूर तयार, फक्त माझी सही बाकी. मी कोरा कागद घेतला. अकराही बायांची नावं लिहिली. वाकळा कुणी अडवल्या ते लिहिलं. सरपंचांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि तोच कागद उत्तर म्हणून पाठवला.

पगारवाढ थांबली. बदली झाली. त्या वाकळा छावणीत पोचल्या नाहीत. तिथं अकरा माणसं त्यांच्याविना कुडकुडली असतील. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

माफीचा तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. प्रत्येक नवा साहेब तो पुढे सरकवतो. "सही करा, मिटवून टाकू."

मी कागद परत सरकवतो. नोकरीच्या शेवटच्या दिवशी समोर ठेवला तरी सही करणार नाही.