आपल्याच वजनानं

बहात्तर सालाच्या आसपास आमच्याकडं भूगोलाचे एक मास्तर चहाला येत. बोलताना हात असे हलवत, जसं पीठच ओततायत. "समुद्राच्या तळातून पातळ लाव्हा येतो काकू, थरावर थर बसतो, बेट वर येतं. मग आपल्याच वजनानं खचतं."

एकदा पावसाच्या झडीत ते बोलता बोलता थांबले अन् वर पाहू लागले. आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, आम्ही दरसाल नवा थर टाकायचो, जुना कोणी काढत नसे. तुळई कडकडली.

"निघा बाहेर!" मास्तर ओरडले.

आम्ही पळालो. सासूबाई खाटेवरून हलेनात. "माह्या मालकानं घातलेलं धाबं हाय. मले कायचं भेव?"

मास्तर शेजारी जाऊन बसले. "मग मीबी बसतो, आजी."

माती गळू लागली.

"मेल्या, तुही माय वाट पाहत असन ना!" म्हणत सासूबाईंनीच त्यांना ओढत बाहेर आणलं. मागं धाबं खाली बसलं.