इंजिन फिरतं, पेटत नाही

धाड गावात गाडी बंद पडली की लोक देवाचं नाव नंतर घेतात, भगवानराव मिस्त्रींचं आधी. माणूस तसा साधा, पण बंद इंजिन दिसलं की त्यांच्या अंगात येतं. स्वतःच्या लग्नात हळदीच्या अंगानं ते वरातीच्या जीपखाली शिरले होते. घरी ताट वाढलेलं राहतं, पाहुणे ताटकळतात आणि मिस्त्री "दोन मिनिटं" म्हणत बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे. त्या दोन मिनिटांना अंत नसतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांची स्वतःचीच गाडी अडली. मुलीला, करिष्माला, दहा वाजता चिखलीच्या कॉलेजात मुलाखतीला पोचायचं होतं. प्रयोगशाळेतल्या त्या एका जागेची तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती. मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही.

म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक. अडलंय ते ठिणगीत, नाहीतर पेट्रोलमध्ये. पाने-पकडी कालच्या पूजेत पाटावर मांडलेल्या. उत्तरपूजेआधी पूजेतलं काही उचलायचं नाही हा त्यांचाच नेम, म्हणून बायकोला, आशाबाईंना, त्यांनी घाईघाईनं अक्षता टाकायला लावल्या आणि पाने तेवढे उचलले. गाडीची मूळ चावीही तिथंच फुलांखाली होती. तिची गरज काय? गेल्या आठवड्यात बाजारात कापून आणलेली दुसरी चावी आज पहिल्यांदाच गाडीला लावली होती.

प्लग काढून पाहिला, ठिणगी नाही. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला कान लावला, आवाज नाही. दोन्ही एकदम कसे मेले? मिस्त्री चिडले. कॉइल बदलली, फ्यूज तपासले, वायरी सोडल्या, परत जोडल्या. समोर वेगाच्या काट्याजवळ चावीचं एक लाल चित्र लुकलुकत होतं. जुन्या जीपांवर हयात गेलेल्या मिस्त्रींनी त्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

करिष्मा फाईल घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती. स्टँडवरून भाड्याच्या जीपनं जाते, असं ती तीनदा म्हणाली. पण मिस्त्रीची पोर जीपमध्ये कोंबून गेली तर लोक काय म्हणतील? दोन मिनिटं, ते म्हणाले. पाऊण तास गेला. मग ती न बोलताच निघाली आणि मिस्त्रींना पत्ताही लागला नाही.

साडेदहाला पाट आवरताना आशाबाईंनी मूळ चावी आणून दिली. बघू तरी म्हणून त्यांनी ती लावली, तर गाडी एका झटक्यात चालू. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मूळ चावीत बारीकशी चिप असते. ती ओळखू आली नाही तर गाडी इंजिन फिरू देते, पण ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही तोडते, पेटू देत नाही. बाजारातली चावी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. मिस्त्रींनी आनंदानं पोरीला हाक मारली.

"ते कवाचीच गेली," आशाबाई म्हणाल्या. "इंजिनाले सतरा गोष्टी इचारल्या तुमी. पोरीकडं एकदा तरी पाह्यलं का?"

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, जीप भरल्याबिगर निघालीच नाही," करिष्मा म्हणाली. "पोचेपर्यंत माह्यं नाव पुकारून झालं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग तिनं विचारलं, "गाडी झाली का चालू?"

समोर इंजिन झकास चाललं होतं. भगवानरावांनी खिडकीतून हात घालून चावी मागं फिरवून ते बंद केलं.

"नाही व माय," ते म्हणाले.